तांदळाच्या पिंपातला पाना

दत्ता, तुझ्या तेराव्याच्या तांदळात पाना सापडला. भात शिजण्याआधी सापडला, एवढी कृपा. वहिनी पिंपातून तांदूळ मापत होत्या आणि मापाबरोबर एक सोनेरी टोक वर आलं. दोन मिलिमीटरचा, सहा कोनी टोकाचा, आपल्या गाडीचे निम्मे स्क्रू ज्याने फिरतात तो. स्वयंपाकघरात तुझ्या गावाहून, संगमेश्वराकडून आलेल्या बायका होत्या. त्यांतली एक घाबरून म्हणाली, "अगो बाय, ह्ये काय गो? करणीबिरणी केलीन् का काय कुनी?" वहिनींनी पाना पदराला पुसला. "करणी नाही हो काकी, नवरा आहे माझा," म्हणाल्या आणि हसल्या. आम्ही पुरुष पडवीत बसलो होतो. ते हसू आम्हांला ऐकू आलं.

जेवणं उरकली, माणसं पांगली, तेव्हा त्यांनी तो पाना माझ्या हातावर ठेवला.

"पेटीत घाला. आणि भावोजी, त्या पेटीचं काय करायचं तेही सांगा. मी दिवाळीनंतर सुमीकडे पनवेलला जायची. घर बंद. ज्येष्ठांच्या मंडळाचे अध्यक्ष येऊन गेले, त्यांना ती काचेच्या कपाटात मांडायची आहे. तुम्ही घेणार असलात तर तुमची, नाहीतर त्यांची."

"बघतो," मी म्हणालो.

"बघतो नको. हेही आयुष्यभर बघतोच म्हणत आले. हो की नाही, एक काय ते सांगा."

उत्तर अवघड नसावं. तुझी हत्यारं मला द्यायला वहिनी तयार, मी ती वापरायला शिकलेला, तुझ्या लेकीसकट मधे कोणी वारस भांडत नाही. पण पेटी घ्यायची म्हणजे तिच्याबरोबर पुढचे रविवारही घ्यायचे, आणि ते एकट्याने काढायचे. पेटी कपाटात गेली की माझी सुटका. मित्र गेला, छंदही गेला, असं लोक म्हणतील, आणि ते ऐकायलाही भारदस्त वाटतं. मी पाना खिशात घातला आणि काही न ठरवता घरी आलो.

शोकसभेचं तुला सांगायचं राहिलं. मंडळाच्या हॉलमध्ये झाली. आपण नेहमी बसतो त्या मागच्या रांगेत मी बसलो. अध्यक्षांनी तुला आधी 'तंत्रविद्येचा निष्ठावंत उपासक' केलं आणि मग 'दीपस्तंभ'. दीपस्तंभ आपल्या गावात खरोखरीचा आहे आणि तो कोणाच्या सभेला जात नाही. समोर तुझा फोटो ठेवला होता, कोर्टातल्या निरोपसमारंभाचा. गळ्यात हार, हातात नारळ, आणि चेहऱ्यावर एखादा लांबलचक निकाल टाइप करायला बसलेल्या माणसाचा भाव. मी शेजारी कोपर मारलं. ते खुर्चीच्या पाठीला लागलं.

सगळे बोलले, पण तू खेळण्यातली गाडी पळवायचास असं एकानेही म्हटलं नाही. 'यंत्रांची आवड' म्हणाले, 'प्रयोगशीलता' म्हणाले. साठी उलटलेले दोघे, एक कोर्टातला लघुलेखक आणि एक कॉलेजचा ग्रंथपाल, दर रविवारी सड्यावर, गावाबाहेरच्या कातळाच्या पठारावर जाऊन रिमोटची गाडी फिरवतात, हे शोकसभेच्या मराठीत बसत नसावं. मला भाषण करायला बोलावलं तेव्हा मी घसा बसल्याचं सांगितलं. खरं तर मला एवढंच सांगायचं होतं की हा माणूस हट्टी होता आणि त्याला चांगलं हत्यार ओळखता यायचं. त्यासाठी माइक कशाला?

तुझा तो पहिला खोका मला आठवतो. निवृत्त झाल्यावर तू मुंबईहून मागवलास. त्यात गाडी नव्हतीच. पिशव्या होत्या, आणि पिशव्यांत गाडीचे तुकडे आणि मुंग्यांएवढे स्क्रू. तो खोका तू माझ्या जेवणाच्या टेबलावर उघडलास, कारण माझ्या घरात ओरडायला कोणी नाही. मी उत्साहाने माझा राम आळीतून आणलेला हत्यारांचा सेट पुढे केला. हिरवी प्लास्टिकची पेटी, आत खंडीभर वस्तू, प्रत्येकीला आपापला खळगा. दुसऱ्याच स्क्रूला त्यातल्या पान्याचं टोक गोल झालं. तू ते खिडकीशी नेऊन बघितलंस आणि परत खळग्यात ठेवलंस.

"ग्रंथपाल, ह्या पेटीत हत्यारं नाहीत. हत्यारांची चित्रं आहेत."

मला राग आला होता. माझं म्हणणं असं की हात शांत असेल तर साधं हत्यारही पुरतं. तुझं म्हणणं, वाईट हत्यार हाताला खोटं सांगतं: स्क्रू घट्ट बसला की नाही, हे हाताला टोकाकडूनच कळतं, आणि टोक मऊ असलं की ते 'बसला' म्हणतं आणि स्वतःच पिळवटतं. कोर्टात जन्म काढलेल्या माणसाला सगळीकडे साक्षीदारच दिसतात, असं मी म्हणालो. तू म्हणालास, साक्षीदारच आहे तो.

मग राम आळीतल्या त्या हार्डवेअरच्या दुकानात आपले खेटे सुरू झाले. दुकानदार तुला बघून आतल्या खोलीत जायचा. तू खिशातून भिंग काढायचास आणि पान्याच्या टोकाच्या कडा बघत उभा राहायचास. कडा सरळ आणि धारदार हवी, कोपरे मारलेले नकोत, टोक दांड्याच्या मधोमध हवं. पाना बोटांवर ठेवून फिरवायचा, डुगडुगला तर परत.

"काका, पाना घेताय की सोनं?" दुकानदाराने एकदा विचारलंच.

"सोनं असतं तर एवढं बघितलं नसतं. सोन्याला कोणी जोर लावत नाही."

नंतर तू टोकदार पक्कड मागितलीस. तिचे जबडे मिटून रस्त्याच्या उजेडासमोर धरलेस.

"उजेड येतोय मधून."

"येऊ दे की! पक्कड आहे, दार नव्हे."

"टोकाला उजेड येतो म्हणजे टोकं मिळत नाहीत. एवढीशी पिन हिच्यात धरली की उडून जाणार. मग शोधू कुठे? तुझ्या चहात?"

दुकानदाराने चहा उचलून लांब ठेवला आणि दुसरी पक्कड काढली. तीही परत गेली. शेवटी बरी निघाली ती त्याच्या गल्ल्यामागे, त्याची स्वतःची. ती त्याने विकली नाही, पण कुठून आणली ते सांगितलं. मला वाटतं त्या दिवसापासून तो तुला मानायला लागला. तेराव्याला आला होता, पडवीत माझ्याशेजारी बसला होता. "त्यांच्यामुळे मी चार बऱ्या वस्तू ठेवायला लागलो," म्हणाला. "घेत कोणी नाही, पण ठेवतो." सगळ्या शोकसभेत असं एक वाक्य नव्हतं.

तू सेट कधीच घेतला नाहीस. समोर जो स्क्रू आहे त्याचा पाना घ्यायचा. पुढचा स्क्रू पुढच्या महिन्यात. त्यामुळे गाडी पूर्ण व्हायला पावसाळा गेला. बारीक पान्याला बारीक मूठ हवी असं तुझं होतं, कारण मूठ जाड असली की हात नकळत जोर लावतो आणि प्लास्टिकमधले आटे जातात. गोल टोकाचा पाना फक्त वाकड्या जागी घालायला. घट्ट स्क्रू त्याने सोडवायचा नाही, तो कडांनी धरत नाही. हे मला इतक्या वेळा ऐकवलंस की आता ते माझंच मत असल्यासारखं मी लोकांना सांगतो. लोक घड्याळ बघतात.

सोनेरी टोकांवरून मात्र आपलं शेवटपर्यंत जमलं नाही. तुझ्या सगळ्यात आवडत्या पान्यांच्या टोकांना सोनेरी मुलामा होता. मी तीस-पस्तीस वर्षं पुस्तकं बांधून घेतली. ज्या पुस्तकाच्या कण्यावर सोनेरी अक्षरं जास्त, ते कपाटातून कमी वेळा निघतं, हे मी बघितलंय. त्यामुळे सोनं दिसलं की मला संशय येतो. "शोभेचा नाही तो, टोक झिजू नये म्हणून असतो," तू म्हणायचास. "आमचा बाइंडरही असंच म्हणायचा," मी म्हणायचो. तू पुढचा स्क्रू घ्यायचास. माणसाशी वाद घालताना त्याने काम चालू ठेवलं की आपल्याला हरल्यासारखं वाटतं.

माझ्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर तू आलास तेव्हाचं आठवतं? एका डोळ्याला पट्टी, वाचायला बंदी, आणि वाचन सोडून मला दुसरं काही येत नाही. मी नुसता बसून होतो. तू ताटलीत सगळे स्क्रू ओतलेस, एकत्र कालवलेस आणि म्हणालास, "डोळे मीट. बोटांनी निवड." मी दिवसभर तांदूळ निवडावेत तसे स्क्रू निवडले. संध्याकाळी तू तपासलेस, चुका काढल्यास आणि परत कालवून ठेवलेस. पट्टी निघेपर्यंत रोज. तेव्हा मला वाटलं होतं, हा माणूस माझा छळ करतोय. आपल्याकडे आभार स्टेजवर मानतात, घरात नाही. त्यामुळे राहिलं ते.

हत्यारं कशी निवडावीत हे सांगणारी माणसं फोनवर पुष्कळ दिसतात, पण ती सगळी कोरड्या गावांत राहतात. आपल्याकडे खारा वारा घरात येऊन बसतो. आज चकचकीत ठेवलेल्या पान्यावर आठवड्याभरात तांबूस ठिपके. वहिनी मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकतात, मीठ ओलं होऊ नये म्हणून, हे तू पाहिलंस आणि तुझ्या डोक्यात उजेड पडला. पिंपात एवढे तांदूळ आहेत तर पाने त्यातच पुरावेत. वहिनींनी एक अट घातली: पुरताना आणि काढताना हात धुवायचे, आणि पाहुणे असतील तेव्हा पिंपाकडे फिरकायचं नाही.

माझा उपाय वेगळा होता. कोकमाच्या बियांचं ते घट्ट, पांढरट मुठेल, जे आपल्याकडे भेगाळलेल्या टाचांना लावतात, त्याची वडी मी पान्यांवर फिरवायचो. पोलादावर पातळ थर बसतो आणि वारा लागत नाही. तू त्याला 'टाचांचं औषध' म्हणायचास, मी तुझ्या उपायाला 'पुरणपोळी'. पण भांडत दोन्ही चालू राहिलं. काम माझ्याकडे, हत्यारांचा मुक्काम तुझ्याकडे. काम संपलं की मी मुठेल लावायचो आणि तू पाने घरी नेऊन तांदळात पुरायचास. गंज खरोखरच थांबला. श्रेय कोणाचं, हा वाद तेवढा उरला.

मग तो शुक्रवार. गाडीच्या गिअरबॉक्समधून करकर येत होती, झाकण काढायचं होतं. झाकणाचा आतला एक स्क्रू तू सोडवायला घेतलास, तुझ्या सोनेरी पान्याने, आणि पाना सटकला. पुन्हा लावलास, पुन्हा सटकला. तिसऱ्या वेळी स्क्रूच्या डोक्यातलं सहा कोनांचं घर कडेने गोल झालेलं दिसायला लागलं. इतकी वर्षं तू दुसऱ्यांना ज्यासाठी हसलास, ते तुझ्या हातून झालं होतं.

चिडलास की तू गावच्या बोलीत जायचास. "आरं मेल्या, तुझ्या त्या टाचांच्या तेलान् सटाकला!"

"तेलाने नाही. पाना मऊ आहे तुझा. वर सोनं चढवलं म्हणून आत पोलाद होत नाही."

"माजा पाना मऊ? माजा?"

"मग स्क्रूचं डोकं कोणी खाल्लं?"

"ड्रिल आणशील तर बघ. भोक पाडून उघडायची न्हाय ती. सांगून ठेवतंय."

"मग कशी उघडणार? प्रार्थना करून?"

"वायच दम धर. रव्वारी बघू. तवर हात लावू नको."

पाने गोळा केलेस, नेहमीसारखं माझ्याकडून मुठेलही लावून घेतलं नाहीस, आणि गेलास. गाडी टेबलावर उलटी राहिली. रविवार आला तेव्हा तुझी खोली माणसांनी भरली होती आणि तुझ्याशी कोणी वाद घालत नव्हतं.

तेव्हापासून गाडी तशीच होती. मी तिच्या शेजारी ताट ठेवून जेवायचो. हात लावू नको म्हणाला होतास, म्हणून लावला नाही.

तेराव्यानंतर थोड्या दिवसांनी वहिनींनी बोलावलं. गेलो तर अध्यक्ष आधीच आलेले, बरोबर सुतार. सुतार फीतपट्टीने तुझ्या पेटीची लांबी-रुंदी घेत होता, जशी काही तीच उद्या झोपणार होती कपाटात.

"या, या," अध्यक्ष मला म्हणाले. "तुमचीच वाट बघत होतो. कपाटाखाली पाटी लावायची आहे. मजकूर तुम्ही द्यायचा. तुमची भाषा."

"'येथे पाने आहेत', एवढं पुरेल."

ते हसले. त्यांना वाटलं, दुःखाने माझं डोकं जागेवर नाही. "असं करू या, प्रत्येक हत्यार मखमलीवर मांडू. वरून छोटा दिवा. त्यांची स्मृती चिरंतन राहील."

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. ट्रे ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "त्यांना तेल कोण लावणार?"

"कोणाला?"

"पान्यांना. गंजतील ना ते. खारा वारा काय काच बघून थांबतो?"

"शिपायाला सांगू," अध्यक्ष म्हणाले. "महिन्यातून एकदा पुसून घेईल."

"आणि मखमल ओल धरत्ये. आमच्या लग्नातल्या पैठणीच्या खोक्यात होती, तिने पैठणी खाल्ली." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुमचं काय ठरलं, भावोजी?"

सुतार, अध्यक्ष आणि वहिनी, तिघेही माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, पेटी दोन दिवस घरी नेतो, साफ करून आणतो, मग बोलू. अध्यक्षांना ते पटलं. मखमलीवर ठेवायच्या आधी वस्तू स्वच्छ हवी. वहिनींनी पेटी उचलून माझ्या हातात दिली. पळवाट काढणारा पुरुष त्यांनी आयुष्यभर जवळून पाहिलेला आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकी उघडून बसलो. पेटी उघडली. प्रत्येक पाना घेऊन फडक्याने पुसायला लागलो आणि फडक्यावर राखाडी, चिकट काहीतरी यायला लागलं. आधी वाटलं गंज. वास घेतला, तर कोकमाचा. बोटांमधे चोळलं, तर पिठाळ. मग मी गाडी जवळ ओढली. तू सांगितलेलं मोडलं, दत्ता, पण पाना लावला नाही. फक्त भिंग लावलं. स्क्रूच्या डोक्यातल्या त्या घरात तळाशी तेच राखाडी भरलेलं होतं. सुईने कोरून काढलं. निघत राहिलं. वाळलेल्या खिमटीसारखं, घट्ट.

मला कळलं आणि मी एकटाच मोठ्याने हसलो. माझं मुठेल आणि तुझे तांदूळ. मी पान्यांना चिकट थर द्यायचो, तू ते तसेच नेऊन तांदळात पुरायचास, आणि तांदळाची पूड त्या थराला धरायची. पान्याबरोबर ती थोडी थोडी स्क्रूच्या घरात जायची आणि तिथे दाबली जायची. हा स्क्रू आपण सारखा उघडायचो, म्हणून त्याचं घर सगळ्यात जास्त भरलं. टोक तळापर्यंत जाईना, वरच्या वर कडेला टेकायचं, आणि जोर लावला की सटकायचं. मुठेलाने गंज थांबला, तांदळाने ओल थांबली, आणि दोघांनी मिळून स्क्रूचं डोकं खाल्लं. अख्ख्या जगात ही चूक करायला एक कोकम घरात असलेला आणि एक तांदळाचं पिंप असलेला, असे दोन हट्टी म्हातारे लागतात, आणि त्यांनी एकमेकांचं ऐकायचं नाही असं ठरवलेलं असावं लागतं.

घर पूर्ण साफ केलं. सोल्डरिंगचं तापलेलं टोक थोडा वेळ स्क्रूवर धरलं, स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावलेला निळा गोंद मऊ व्हावा म्हणून. हेही तूच शिकवलेलं. मग तुझा सोनेरी पाना घेतला. या वेळी तो तळापर्यंत गेला. वरून दाबला, हळूच फिरवला. 'टक्' असा बारीक आवाज आला आणि स्क्रू सुटला. पाना मऊ नव्हता, दत्ता. मी त्याची कड भिंगातून बघितली, जशीच्या तशी आहे. सोन्याबद्दलचं माझं मत मी या एका बाबतीत मागे घेतो. इतर बाबतीत ते कायम आहे.

झाकण काढलं. करकर कशाची, तर दात्यांमधे जांभ्या दगडाचा एक लाल कण अडकला होता. एवढासा. काढून टाकला.

आणि मग मला फार वाईट वाटायला लागलं. तू गेलास त्या दिवशी मी लोकांची सोय बघत होतो, खुर्च्या मोजत होतो, कोणाला कुठे बसवायचं ते बघत होतो. तेव्हा असं वाटलं नव्हतं. इतके दिवस आपला वाद शिल्लक होता. मी ताटाशी बसायचो आणि मनात तुला मुद्दे सांगायचो, तू उत्तरं द्यायचास, कधी कधी बरी द्यायचास. आता वाद मिटला. दोघांचीही चूक, दोघांचंही बरोबर. हे सांगितल्यावर तू काय म्हणाला असतास, ते मला ठरवता येईना. पहिल्यांदाच तुझं उत्तर मला सुचलं नाही. टेबलाच्या पलीकडची खुर्ची नुसती खुर्ची झाली.

बहुधा तेव्हाच ठरलं. पेटी कपाटात गेली तर उद्यापासून ह्या टेबलावर माझं ताट एकटं असेल, आणि जेवताना मी काय करीन ते मला माहीत आहे: पुस्तक उघडीन. मी पुष्कळ वाचलंय. आता मला काहीतरी सोडवायला हवं.

वहिनींकडे गेलो. "हो," म्हणालो.

"काय हो?"

"पेटी मी घेतो."

त्यांनी मान हलवली. मग आत गेल्या आणि चष्मा घेऊन आल्या. "घ्या, पण एक पेचकस मला काढून द्या, सगळ्यात बारीक. ह्याच्या दांडीचा स्क्रू सारखा सैल होतो. हेच करून द्यायचे. सुमीकडे कोण करणार?"

मी त्यांना तिथेच कसा लावायचा ते दाखवायला गेलो. त्यांनी हात बाजूला केला. "माहितेय मला. तळापर्यंत घालायचा, वरून दाबायचा, मग फिरवायचा. रोज ऐकलंय." त्यांनी फिरवला. चष्मा घातला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "बारीक झालात, भावोजी. जेवता ना?"

अध्यक्षांना मी फोन केला. ते नाराज झाले. कपाट तयार होतं, म्हणून त्यात तुझा नारळवाला फोटो ठेवलाय. वरून दिवा आहे. पाटीवर काय लिहिलंय ते मी वाचायला गेलेलो नाही.

आणि काल रविवार होता. गाडी, रिमोट आणि पेटी घेऊन मी सड्यावर गेलो. गवत पिवळं पडायला लागलंय, मधे मधे कातळ उघडा झालाय. समुद्राकडून वारा होता. नेहमीच्या जागेवर उभा राहिलो, पलीकडच्या टोकाला ती करवंदीची जाळी दिसत होती. चालवायचं मी आणि उचलायचं तू, अशी आपली वाटणी. गाडी उलटली की तू तिथून पुढे व्हायचास, तिला सरळ करायच्या आधी उलटीच हातात धरून निरखायचास, काय सैल झालंय ते. चालवण्यात तुला काही रस नव्हता. मोडलेलं पहिल्यांदा आपल्या डोळ्यांनी बघायला मिळावं म्हणून तू त्या टोकाला उन्हात उभा राहायचास.

गाडी छान गेली. आवाज स्वच्छ. करवंदीपाशी वळवताना तिचं चाक कातळाच्या कडेला लागलं आणि ती उलटी झाली. चाकं वर फिरत होती. मी रिमोटचा खटका सोडला आणि थांबलो. सवयीने थांबलो. मग लक्षात आलं आणि चालायला लागलो.

अंतर बरंच आहे, दत्ता. तू तिकडून काहीबाही ओरडायचास, मी इकडून उत्तर द्यायचो, त्यामुळे मला ते कायम दहा पावलांवर वाटत आलं. काल मला मधे एकदा थांबून दम घ्यावा लागला.

गाडी उचलली. उलटीच धरून बघितली. काही सैल झालं नव्हतं. ती खाली ठेवली, आणि परत यायचा कंटाळा आला म्हणून तिथेच, तुझ्या जागेवर उभा राहून सोडली. ती निघाली सरळ, मी जिथे नेहमी उभा असतो तिकडे. तुझ्या बाजूने ती जागा कशी दिसते ते मी कधी पाहिलं नव्हतं. उघडा कातळ, त्यावर आपली पेटी, आणि मागे समुद्र. गाडी पेटीपाशी जाऊन थांबली. तिथे कोणी नव्हतं. मी तिला वळवून परत बोलावली.